दुपार टाळून सातारा-सांगली : सुट्टीच्या सहलीचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रे उन्हाळ्याच्या सुट्टीची आहेत आणि त्यातली बरीच सातारा-सांगली भागाबद्दल. मुलांना बाहेर हिंडवायचे आहे, चार गोष्टी कळायलाही हव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्रासही व्हायला नको, असा सगळ्यांचा सूर आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघे, सासू-सासरे (वय ६८ आणि ७१), मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. मे महिन्यात चार दिवस साताऱ्यात मुक्काम करणार आहोत. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर, बारा मोटेची विहीर, वाई, मेणवली, महाबळेश्वर, प्रतापगड, कोयना अशी यादी केली आहे. एवढे सगळे बसेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही बसणार. बसवायला गेलात तर मुलांच्या लक्षात फक्त गाडीची सीट राहील. आधी खोडाखोड करू.

ठोसेघर काढा. तो पावसाळी धबधबा आहे, मे महिन्यात कडा कोरडा असतो. कासही काढा. तिथली फुले ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. मे महिन्यात जांभ्या खडकावर वाळलेले गवत दिसते आणि "फुलं कुठायत?" या प्रश्नाला उत्तर देत बसावे लागते. कोयनानगर साताऱ्याहून कराड-पाटणमार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अख्खा दिवस रस्त्यावर. ते कराडला मुक्काम असेल तेव्हा. प्रतापगडाला पायऱ्या बऱ्याच आहेत. सासऱ्यांचे गुडघे ठणठणीत असतील तरच तो ठेवा, आणि ठेवलात तर त्या दिवशी दुसरे काही ठेवू नका.

आता उरलेल्याची मांडणी. उन्हाळ्यात दिवसाचे तीन तुकडे पाडायचे. सकाळी ६ ते १०:३० डोंगर आणि दगड, ११ ते ४ डोक्यावर छत, ४:३० नंतर पाणी किंवा पठार. हे एकदा पाळले की बाकीचे आपोआप जुळते. बहुतेक घरांची चूक अशी होते की नाश्ता, आंघोळी, आवराआवर यांत साडेनऊ वाजतात आणि गडाच्या पायऱ्या बारा वाजता सुरू होतात. आंघोळ दुपारी परत आल्यावर करा, नाश्ता डब्यात बांधून घ्या.

पहिला दिवस शहरातच काढा. अजिंक्यताऱ्यावर दरवाजाजवळपर्यंत गाडी जाते, त्यामुळे आजी-आजोबाही येऊ शकतात. सहा वाजता वर असाल तर दीड तासात निवांत फिरून होते. मुलीला सांगा की १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि मराठ्यांची राजधानी इथे होती. मग तटावर उभे करून सज्जनगड, यवतेश्वराचे पठार आणि जरंडेश्वर ओळखायला लावा. किल्ला इथेच का, हे त्या तीन खुणा सापडल्या की तिला स्वतःलाच कळते. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून साताऱ्यात पहिला दिवस सोमवार येऊ देऊ नका. संध्याकाळी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, शिवाय शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी. सात वर्षांच्या मुलाला राज्याभिषेकापेक्षा खंड्या जास्त दिवस लक्षात राहणार, आणि त्यात काही वावगे नाही.

दुसरा दिवस लिंब, मेणवली आणि वाई. साताऱ्याहून सव्वासहाला निघालात तर सातच्या आत लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर पोहोचता. या विहिरीला किमान दीड तास द्या. लोक वरून डोकावतात, फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत निघतात, त्यामुळे मुख्य गोष्ट बघायचीच राहते. ही विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. वरून पाहिले तर शिवलिंगाचा आकार दिसतो : अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेला पायऱ्यांचा लांब भाग. या दोन भागांच्या मधोमध पुलासारखा महाल आहे. पायऱ्या उतरून कमानीखालून आत जा, मग जिन्याने महालात चढा आणि खांबांवरचे कोरीवकाम मुलांना स्वतः शोधू द्या. आपण बोट दाखवायचे नाही.

मग वर या आणि विहिरीच्या काठावर जिथे मोटा चालायच्या त्या जागा पाहा. मोट म्हणजे पाणी उपसायची चामड्याची भली मोठी पिशवी, खाली तिला सोंड. जाड दोर म्हणजे नाडा, तो मोटेचे वजन ओढतो. बारीक दोर म्हणजे सोंदूर, तो सोंड वर उचलून धरतो, नाहीतर पाणी वाटेतच सांडेल. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येते, सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, पडते आणि तिथून पाटाने शेताला जाते. बैल चढावर नाही, उतारावर ओढतात. का, ते मुलीला विचारा. बैलाच्या स्वतःच्या वजनाचीही ओढायला मदत होते, हे बहुतेक मुलांना दोन-तीन प्रयत्नांत सुचते.

इथे एक चूक आवर्जून सांगतो, कारण ती फार पसरली आहे. ही विहीर "१६४१ ते १६४६" या काळात बांधली असे अनेक ठिकाणी लिहिलेले सापडते. ते आकडे शकाचे आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या विरूबाई भोसले या शाहू महाराजांच्या काळातल्या, त्यामुळे १६४१ हे इसवी सन असूच शकत नाही. ही बेरीज मुलीलाच करू द्या. छापलेले वर्ष चुकू शकते आणि ते आपल्याला तपासता येते, हे तिला या एका जागी नीट कळेल.

सात वर्षांचा मुलगा बरोबर आहे म्हणून : विहिरीच्या काठावर त्याचा हात एका मोठ्या माणसाने धरलेलाच असावा, आणि ते काम कुणाचे हे गाडीतच ठरवा. "सगळे लक्ष ठेवू" म्हणजे कुणीच ठेवत नाही. पायऱ्या बऱ्याच असल्याने सासू-सासऱ्यांना वर सावलीत बसवा.

तिथून साडेनऊपर्यंत मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. घाटावर पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली. वाई तिथून तीनेक किलोमीटर. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने फेरी मारा. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन बाजूंना फाकावे म्हणून. होडीचे टोक आणि ही भिंत यांचा आकार सारखा का, एवढाच प्रश्न मुलांपुढे ठेवा. बाराच्या आत जेवण उरकून परत फिरा.

तिसरा दिवस महाबळेश्वर-पाचगणी, पण शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात तास-दोन तास अडकणे नेहमीचेच. साताऱ्याहून जाताना मेढा-केळघरमार्गे चढा, हा रस्ता मोकळा असतो. आधी क्षेत्र महाबळेश्वर : पंचगंगा मंदिर आणि जवळच दगडी कृष्णाबाईचे मंदिर, जिथे गर्दी जवळपास नसते. दुपारी भिलार. मे २०१७ मध्ये सुरू झालेले हे पुस्तकांचे गाव पाचगणीपासून आठेक किलोमीटरवर आहे. घराघरांत विषयवार मराठी पुस्तके मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावीत. बालसाहित्याचे घर शोधून दोन्ही मुलांना तिथे दोन तास सोडा. कडक दुपार घालवायला या भागात याहून चांगली जागा नाही. पाच वाजता पाचगणीचे टेबललँड, उतरताना पसरणी घाट. स्ट्रॉबेरीच्या मळ्याची आशा मुलांना दाखवू नका, मे महिन्यात हंगाम संपलेला असतो. करवंदे आणि जांभळे मात्र रस्त्याच्या कडेला द्रोणात मिळतात.

चौथ्या दिवशी सकाळी सज्जनगड. पायऱ्या चढून समर्थांच्या समाधीचे दर्शन, दुपारी महाप्रसाद आणि खाली. सगळ्यांसाठी जाड सुती मोजे न्या. दहानंतर फरशी इतकी तापते की लहान मुले अनवाणी अक्षरशः नाचत चालतात.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला मे महिन्यात वासोट्याला न्यावे का? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : याआधी त्याने दोन-तीन गड न कुरकुरता चढले असतील तर न्या, पहिलाच गड असेल तर नको. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने साधारण दीड तास, मग जंगलातून दोन ते अडीच तासांची चढण. सावली बरीच आहे, पण मे महिन्यात वाटेतले ओढे आटलेले असतात आणि जलाशयाचे पाणी खाली गेल्यामुळे लाँच लांब थांबते. तिथून तापलेल्या गाळावरून जादा चालावे लागते. थकवा येतो तो इथेच, परतताना.

हा भाग कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र लागते, गडावर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात गड बंद असतो. लाँचचे भाडे माणशी नसून अख्ख्या लाँचचे असते, त्यामुळे चौघांचे कुटुंब असेल तर दुसऱ्या कुटुंबाबरोबर जा. आदल्या रात्री बामणोलीतच राहा, सकाळी पहिल्या लाँचला निघा. माणशी तीन लिटर पाणी, मुलासाठी दोन. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का, हे लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी बघा. मोठ्याचे जॅकेट लहानाच्या अंगातून पाण्यात वर निसटते.

प्रश्न : आम्ही सांगलीचेच. पुण्याहून भाच्या येणार आहेत. "सांगलीत उन्हाळ्यात काय बघायचं?" असे त्या विचारतात आणि आम्हालाही सुचत नाही. — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, म्हणून इथे दुपारचे ठिकाण आधी ठरवायचे. ते ठिकाण म्हणजे मिरजेची सतारमेकर गल्ली.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्ये घडवायला सुरुवात केली आणि ते हात अजून चालू आहेत. ११ ते १ या वेळात जा. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. आधी विचारा, दहा-बारा जण एकदम घुसू नका, आणि तिथे काम चाललेले असते हे मुलांना समजावून न्या.

आत गेल्यावर पहिल्यांदा भोपळे दिसतात. हे खाण्याचे भोपळे नव्हेत. जाड सालीचे कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून येणारे. वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन आकारात आणतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याचे वरचे झाकण, आणि दांडी. मुलांना वाळका भोपळा हातात घेऊ द्या. आकाराच्या मानाने तो इतका हलका लागतो की ती दचकतात. वाद्य का घुमते ते तिथेच उमगते : पातळ भिंतीची मोठी पोकळी.

पण खरी बघायची गोष्ट जवारी. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी म्हणजे घोडी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते म्हणून तंबोऱ्याचा तो झणझणता, भरलेला आवाज येतो. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. कारागिरांना विनंती करा : दोरा काढून तार छेडा, मग दोरा घालून केसभर पुढेमागे सरकवा. एका जागी आवाज मिटलेला, दोन केस पुढे गेला की उघडतो. भाच्यांनी डोळे मिटून ऐकावे आणि दोरा बरोबर जागेवर आला की हात वर करावा. दहा मिनिटे लागतात, आणि ध्वनीचा आख्खा धडा त्यात येतो.

सकाळसाठी कृष्णाकाठ : गणपती मंदिर, आयर्विन पूल, मग हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. हरिपूरची ओळख हळदीच्या पेवांची. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद वर्षानुवर्षे साठवायचे. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली. एखादे पाहायला मिळाले तर वरूनच पाहा. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा नसते, म्हणून उघडल्याउघडल्या कधीच कुणी उतरत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले आहे. मार्केट यार्डात मे महिन्यातही हळद असते, व्यापाऱ्यांना विचारून गड्डा आणि हळकुंड शेजारी ठेवून बघता येतात. मधली गाठ तो गड्डा, बाजूची बोटे ती हळकुंडे. बेदाण्याच्या शेड बघायच्या असतील तर मात्र मार्चमध्येच यायला हवे. एप्रिल सरत आला की तासगावकडच्या बहुतेक शेड रिकाम्या होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून सागरेश्वर अभयारण्य. साधारण अकरा चौरस किलोमीटरचे हे जंगल माणसांनी उजाड डोंगरावर उभे केले, १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. चितळ, सांबर, काळवीट उन्हाळ्यात पाणवठ्यापाशी येतात. उन्हाळ्याचा हा खरा फायदा, कारण पाने झडलेली असतात आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरते. भडक रंगाचे कपडे नकोत, मोबाइल गप्प, आणि पाणवठ्यापासून दूर वीस मिनिटे न हलता बसायचे. बहुतेक लोक पाच मिनिटांत उठतात आणि "काही दिसलं नाही" म्हणतात. परतताना पायथ्याशी सागरेश्वराची जुनी दगडी देवळे आणि जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. साडेदहाला परतीला लागा.

प्रश्न : मुलांना कोयना धरण दाखवायचे आहे. भिंतीवर जाता येते का? तिथे शिकण्यासारखे काय? — एक शिक्षिका, विटा

उत्तर : भिंतीवर आणि वीजगृहात सहज प्रवेश नाही, सुरक्षिततेचा भाग आहे. कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरण समोर दिसते, तेवढे पुरेसे आहे. भिंत १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसीचे साधारण २,८३१ कोटी लिटर होतात. तुमच्या घराच्या टाकीत किती लिटर मावतात त्याने भागायला लावा.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की भिंतीखाली पाणी पडते तिथेच सगळी वीज होते. पायथ्याशी छोटे वीजगृह आहे, ते पाणी पूर्वेला कृष्णेकडे जाते. बहुतांश वीज मात्र पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटात, कोकणाच्या अंगाला होते. बोगद्यांतून पाणी तिकडे नेऊन शेकडो मीटर खाली सोडतात. उंचीतला हा फरक फक्त कोकणकड्याच्या बाजूला मिळतो. वहीत डोंगराचा आडवा छेद काढा : डावीकडे कोकण खाली, उजवीकडे देश वर, मध्ये जलाशय. चित्र काढले की मुले स्वतःच म्हणतात, पाणी डावीकडे न्यायला हवे. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल गावातल्या वयस्कर माणसांना अदबीने विचारा. ज्यांनी तो सोसला त्यांनी सांगितलेले मुले विसरत नाहीत.

प्रश्न : पैसे न लागणारा, मोबाइल न लागणारा एखादा प्रयोग सहलीत करता येईल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : शून्य सावली. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामध्ये असणाऱ्या गावांत वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. सांगली-मिरजेत तो दिवस ७ मेच्या आसपास, साताऱ्यात १० ते ११ मे, पुण्यात १३ ते १४ मे. ऑगस्टच्या आसपासचा दुसरा दिवस आपल्याकडे ढगांत जातो, म्हणून मे सोडू नका.

वेळ बारा नाही. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या आठ-साडेआठ अंश पश्चिमेला, त्यामुळे माथ्यावर सूर्य येतो तो साधारण साडेबाराला. सरळ भिंतीचा स्टीलचा डबा घ्या, निमुळता पेला चालत नाही. गच्चीवर पाणी ओतून उतार नाही अशी जागा शोधा, पांढरा कागद पसरा, डबा मध्ये ठेवा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सावली आकसत डब्याखाली जाते आणि मग दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. प्रयोग फसतो तो बहुधा जमिनीच्या उतारामुळे. पाहायची ती सावली, सूर्याकडे कुणीही पाहायचे नाही. टोपी घाला, वीस मिनिटांत आटपा. त्या दिवसांत सूर्याची ही जागा रोज सुमारे तीस किलोमीटर उत्तरेकडे सरकते. सांगली ते सातारा सरळ उत्तरेकडचे अंतर नव्वद किलोमीटर धरले तर किती दिवस लागतील, हे मुलांनी सांगायचे, आणि मग वर दिलेल्या तारखा ताडून बघायच्या.

प्रश्न : गाडी नाही. एसटीने सहल परवडेल का? — एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : अगदी परवडेल. महिलांना निम्मे तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, ७५ च्या वर मोफत. वयाच्या पुराव्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. चार किंवा सात दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास" पासही असतो, पण सवलतीची माणसे जास्त असतील तर सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. आगारात जाण्याआधी घरी हिशोब मांडून बघा. एसटीने फिरताना मुक्काम बसस्थानकाच्या जवळ घ्या आणि दिवसाला एकच ठिकाण ठेवा. परतीची शेवटची गाडी कधी, हे उतरल्याउतरल्या चालक-वाहकांना विचारून घ्या. सातारा रेल्वेस्थानक गावापासून बाहेर, माहुलीकडे आहे. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षाचे आधी बघा.

प्रश्न : मुलीला घाटात हमखास उलटी होते. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : निघण्याआधी तासभर हलके काहीतरी खायला द्या, भाकरी किंवा कोरडी चपाती. उपाशीपोटी जास्त मळमळते, तेलकट वडापावाने त्याहून जास्त. तिला मधल्या जागी, समोरचा रस्ता दिसेल असे बसवा. मोबाइल आणि पुस्तक बंद. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका, निम्मा त्रास त्या वासाचा असतो. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या आधी. सुरू झालेल्या मळमळीवर ती फारसे काम करत नाही. चालवणाऱ्याने उतारावर खालच्या गिअरमध्येच यावे. सतत ब्रेक दाबल्याने गाडी हिसके खाते, ब्रेकही तापतात.

प्रश्न : गडावर किंवा टेबललँडवर असताना वळीव आला तर? आणि मधमाश्यांचे काय? — एक वाचक, कराड

उत्तर : मे महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेला काळे उंच ढग दिसले की पठारावर चढूच नका. चढला असाल आणि वीज चमकली तर सेकंद मोजा. चमक आणि गडगडाट यांतल्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये येते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच खाली या, पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसा. एकटे झाड, ध्वजस्तंभ, पत्र्याची टपरी यांच्याजवळ थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

आग्या मोहोळ उन्हाळ्यात गडांच्या कड्यांवर आणि बुरुजांखाली असते. अत्तर-परफ्यूम नको, धूर नको, दगड मारणे, ओरडणे नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, चेहरा कापडाने झाकून, आल्या वाटेने लांब पळा. काटा चिमटीत धरून ओढत बसू नका, नखाने खरवडून ताबडतोब काढा. पाच-दहापेक्षा जास्त डंख, किंवा ओठ सुजणे, श्वास लागणे असे काही दिसले तर थेट दवाखाना.

मधमाश्यांची गोडी लावायची असेल तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला न्या. मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले हे देशातले पहिले गाव. तिथे सातेरी माश्यांच्या पेट्या पाहता येतात. चौकटीवरचे मेणाचे झाकण सुरीने कापतात, चौकट यंत्रात घालून गरगर फिरवतात आणि मध बाहेर फेकला जातो. पोळे न पिळता मध निघतो, रिकामी चौकट पुन्हा पेटीत जाते, आणि माश्यांना पोळे नव्याने बांधावे लागत नाही.

प्रश्न : पाणी किती न्यावे? गेल्या वर्षी मुलाला ऊन लागले. — एक वाचक, फलटण

उत्तर : सकाळच्या चार तासांसाठी मोठ्यांना दोन लिटर, लहानांना दीड. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. बाटलीला ओला सुती पंचा गुंडाळला की पाणी गार राहते. ओआरएसची पाकिटे जवळ हवीतच. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. "थोडं जास्त मीठ" घालणे धोक्याचे, चमचा सपाटच करायचा.

मूल चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर तिथेच चढणे थांबवा. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, मान-काखा ओल्या फडक्याने पुसा, घोट घोट पाणी द्या. अंग तापलेले आहे आणि मूल बरळते आहे किंवा गुंगीत आहे, तर तोंडातून काही देऊ नका. अंग सतत ओले ठेवत दवाखान्यात न्या आणि वाटेतच १०८ ला फोन करा.